स्थानिक स्वराज्य संस्थांचे बोधचिन्ह आणि दृश्य ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत अशा संस्थांसाठी बोधचिन्ह करून घेणारे अधिकारी, ते करणारे डिझायनर आणि पुढे ते रोज वापरणारे कर्मचारी हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरे देताना एक कसोटी कायम समोर ठेवली आहे: पाण्याच्या बिलावर, कचऱ्याच्या गाडीवर किंवा मोबाइलवरच्या सूचनेत चिन्ह दिसले की "हे कोणाकडून आले आणि याची जबाबदारी कोणाची" हे नागरिकाला क्षणात कळले पाहिजे. बाकीचे गुण त्यानंतर.

बोधचिन्ह, शिक्का, मानचिन्ह आणि दृश्य ओळख यांत फरक काय?

शिक्का म्हणजे कागदाला अधिकृतपणा देणारी मुद्रा. ती ठराव, दाखले, करारनामे यांवर उमटते आणि तिचा वापर बहुधा नियमांनी बांधलेला असतो. मानचिन्ह म्हणजे ढाल, प्राणी, ब्रीदवाक्य अशा परंपरागत घटकांचे चिन्ह. युरोपातील बहुतेक जुन्या शहरांना ते शतकानुशतके आहे. बोधचिन्ह हे रोजच्या संपर्कासाठी असते. या सगळ्यांना जोडणारी रंग, अक्षरे, मांडणी, फलकांचे आकार, छायाचित्रांची पद्धत, विभागांची नावे लिहिण्याची रीत ही पूर्ण व्यवस्था म्हणजे दृश्य ओळख.

गोंधळ होतो तो शिक्काच सगळीकडे बोधचिन्ह म्हणून चिकटवल्यामुळे. शिक्क्यात कडेने गोल फिरणारा मजकूर आणि बारीक चित्र असते. फेसबुकच्या छोट्या वर्तुळात त्याचा करडा ठिपका होतो. शिवाय प्रत्येक जत्रेच्या फलकावर शिक्का दिसू लागला की खऱ्या दाखल्यावरच्या शिक्क्याचे वजन कमी होते. शिक्का कायदेशीर कागदांपुरता राखून ठेवा, बाकी कामांना बोधचिन्ह वापरा. ही विभागणी ठरावातच लिहून घ्यावी.

जुने चिन्ह टाकून द्यावे की सुधारून घ्यावे?

लोक जुने चिन्ह ओळखत असतील तर ते सुधारून घेणे जवळजवळ नेहमीच शहाणपणाचे. हेलसिंकीने २०१७ मध्ये नवी ओळख आणली, तेव्हा शहराच्या मानचिन्हातील ढालीची बाह्यरेषा घेऊन तिचीच चौकट केली आणि आत फक्त शहराचे नाव ठेवले. ऑस्लोने २०१९ मध्ये शहराचा संरक्षक संत हालवार्ड याची जुनी मुद्रा अगदी मोजक्या रेषांत पुन्हा काढली. पॅरिसचे जहाज मध्ययुगीन जलव्यापाऱ्यांच्या मुद्रेतून आलेले आहे. आजच्या चिन्हातही जहाजच आहे, फक्त ते काही वळणांत सामावले आहे.

सुधारताना क्रम असा ठेवा. आधी जुन्या चिन्हाच्या मिळतील तितक्या आवृत्त्या गोळा करा: जुने लेटरहेड, कोनशिला, पदके, टाक्यांवरची रंगरंगोटी. त्यात सगळीकडे टिकून राहिलेले दोन-तीन घटक कोणते ते पाहा. लोकांच्या डोक्यात तेवढेच चिन्ह असते. मग बाकीचे गाळून ते दोन-तीन घटक समान जाडीच्या रेषांत काढा. जुन्या स्कॅनवर ऑटो-ट्रेस (चित्रावरून आपोआप रेषा काढणारी सोय) चालवून काम उरकू नका. त्यात कडा दातेरी होतात, वर्तुळे चपटी होतात, आणि फाइलमध्ये हजारो अनावश्यक बिंदू येऊन विनाइल कापण्याचे यंत्र अडखळते.

धरण, मंदिर, शेती, कारखाना, शाळा, नदी: सदस्यांना चिन्हात सगळेच हवे आहे. काय करावे?

ही मागणी चुकीच्या हेतूने येत नाही. प्रत्येक सदस्याला आपल्या भागातले काही वगळले जाईल अशी भीती असते, आणि ती भीती ऐकून घेतली पाहिजे. तरीही चिन्हात तीनपेक्षा जास्त वस्तू आल्या की १५ मिलिमीटर रुंदीला एकही वस्तू ओळखू येत नाही. म्हणजे सगळ्यांना सामावून घेण्याच्या नादात सगळेच हरवतात.

चर्चेत उपयोगी पडतो तो एक प्रयोग. सदस्यांनी सुचवलेल्या सर्व वस्तू घालून चिन्ह खरोखरच काढा, ते १५ मिलिमीटरला छापा, त्याची फोटोकॉपी काढा आणि त्या फोटोकॉपीची पुन्हा फोटोकॉपी काढून बैठकीत वाटा. मग "यातून काय दिसते" एवढेच विचारा. वगळलेल्या गोष्टींना जागा देण्यासाठी दुय्यम चित्रमाला करता येते: नदी, किल्ला, बाजार यांची छोटी चित्रे अहवालात, बसथांब्यांवर, कुंपणावर वापरायची. पोर्तुगालमधील पोर्तो शहराने २०१४ मध्ये हेच केले. शहराचे नाव आणि त्यापुढे टिंब हे मूळ चिन्ह, आणि निळ्या फरशांच्या नक्षीवरून सुचलेली शहरातील ठिकाणांची व गोष्टींची चित्रे ही सोबतची भाषा.

दातेरी चक्र, उघडे पुस्तक, गव्हाची लोंबी, उगवता सूर्य आणि दोन हात यांबद्दल एक सूचना. यातले कोणतेही वाईट नाही, पण या पाचांतून बनलेले चिन्ह कोणत्याही गावाचे असू शकते. नाव झाकून चिन्ह दाखवल्यावर शेजारच्या गावानेही ते आपले म्हणून सांगितले, तर ते बाद समजा.

प्रत्येक विभागाला वेगळे चिन्ह द्यावे का?

नाही. नागरिक "संस्थेकडे" तक्रार करतो. मलनिस्सारण आणि पर्जन्यजल हे दोन विभाग आहेत हे त्याला माहीत असायचे कारण नाही. एकच चिन्ह आणि त्याशेजारी ठरलेल्या अक्षरांत विभागाचे नाव, ही रचना सर्वांत टिकाऊ. ॲमस्टरडॅमच्या सर्व खात्यांवर तेच तीन लाल तिरपे क्रॉस दिसतात. ऑस्लोनेही विभागांची वेगवेगळी चिन्हे बाजूला ठेवून एकच ओळख घेतली.

याला काही अपवाद खरेच आहेत. अग्निशमन दल आणीबाणीत दुरून ओळखू यावे लागते, म्हणून त्यांचे पारंपरिक चिन्ह गणवेशावर आणि गाडीवर राहू द्यावे. संग्रहालय, नाट्यगृह, प्राणिसंग्रहालय यांना स्वतःचा प्रेक्षक असतो. शहर बससेवेला थांब्यावर मोठे, स्वतंत्र चिन्ह लागते. अशा ठिकाणी त्यांचे चिन्ह पुढे आणि संस्थेचे चिन्ह ठरलेल्या कोपऱ्यात, ठरलेल्या आकारात. तात्पुरत्या योजना, मोहिमा आणि सप्ताहांना मात्र चिन्ह देऊ नका. त्यांना शीर्षक पुरेसे असते. मोहीम संपते आणि चिन्ह भिंतींवर दहा वर्षे राहते.

खुली स्पर्धा घेतली तर लोकसहभागही होईल आणि खर्चही वाचेल. मग हरकत काय?

हरकत अशी, की स्पर्धेत भाग घेणाऱ्याला संस्थेची गरजच कळलेली नसते. त्याच्याकडे जाहिरातीतल्या चार ओळी असतात. येणारे काम बहुतेकदा एकच चित्र असते. त्याची व्यवस्था, लहान आकार, एकरंगी रूप, विभागांची नावे यांचा विचार त्यात नसतो. इंटरनेटवरून उचललेले क्लिपार्ट निवडले गेले की हक्कांचा वाद संस्थेच्या गळ्यात येतो. विजेता जेपीजी फाइल देऊन मोकळा होतो आणि संस्थेला तेच काम पुन्हा कोणाकडून तरी करून घ्यावे लागते. मोबदल्याशिवाय तयार काम मागणाऱ्या अशा स्पर्धांना डिझायनरांच्या व्यावसायिक संघटनाही विरोध करतात.

लोकसहभाग हवाच असेल तर तो आधीच्या टप्प्यात घ्या. शाळांमधून "आपल्या गावाची खूण कोणती" यावर चित्रे मागवा, जुने फोटो गोळा करा, लोकांना गोष्टी सांगू द्या. तो माल डिझायनरच्या हाती द्या. निवड करताना आधीचे काम, कामाची पद्धत आणि प्रत्यक्ष मुलाखत यांना गुण ठेवा, आणि फक्त सर्वांत कमी दर पाहू नका. निविदेतच नमुना चिन्ह मागायचे असेल तर तीन-चार जणांची छाननी करून त्या प्रत्येकाला ठरावीक मोबदला द्या.

कामाला किती वेळ लागतो?

मध्यम आकाराच्या संस्थेसाठी पाहणी ४ ते ६ आठवडे, संकल्पना ३ ते ४, निवडलेल्या संकल्पनेचा विकास ६ ते ८, पुस्तिका आणि नमुने ४ आठवडे असा अंदाज धरावा. यात सभेच्या तारखांची वाट पाहण्याचा काळ धरलेला नाही, आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. मंजुरीचे टप्पे दोनच ठेवा: संकल्पनेला एकदा, अंतिम रूपाला एकदा. निर्णय घेणारी समिती पाच ते सात जणांची असावी आणि त्यात आस्थापना, छपाई, संगणक विभाग व प्रत्यक्ष खिडकीवर बसणारा एक कर्मचारी असावा. त्या कर्मचाऱ्याला बोलू द्या. फॉर्म कुठे अडतो हे इतर कोणापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते.

तीन पर्याय लोकांसमोर ठेवून मतदान घ्यावे का?

मतदानात लोक आवडनिवड सांगतात, आणि पहिल्या नजरेत आवडलेले चिन्ह वापरात टिकेलच असे नाही. विचारायचेच असेल तर प्रश्न बदला. एक पर्याय पाच सेकंद दाखवून झाकावा, मग "काय पाहिले ते काढून दाखवा" असे सांगावे. पाण्याच्या बिलाचा नवा नमुना देऊन "हे कोणाकडून आले, शेवटची तारीख कोणती" हे विचारावे. अशा ८-१० जणांच्या चाचणीतून हजार मतांपेक्षा अधिक कळते. वृद्ध, कमी दिसणारे आणि वाचता न येणारे लोक त्यात असलेच पाहिजेत.

देवनागरीत नाव लिहिताना कशाकडे लक्ष द्यावे?

इथेच सर्वांत जास्त बोधचिन्हे फसतात, म्हणून थोडे सविस्तर.

पहिली गोष्ट उंचीची. रोमन अक्षरे मुख्यतः दोन ओळींमध्ये बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, रकार, जोडाक्षरांची शेपटी असते. त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या पट्टीत बसवलेल्या देवनागरी नावाचे मूळ अक्षर निम्म्यावर येते. फलकाचे माप ठरवताना पट्टीची उंची मोजू नका, काना मोजा. म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचे अंतर.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. ती सलग आणि जाड असली की लांब नाव एखाद्या गजासारखे दिसते. ठळक फॉन्टमध्ये शिरोरेषा उभ्या दांड्यांपेक्षा किंचित बारीक ठेवली तर अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी होते. शिरोरेषा पूर्ण काढून टाकण्याची हौस जपून करावी. जाहिरातीत ती चालते. फलक वाचत गाडी चालवणाऱ्याला मात्र शब्द कुठे संपला हे शिरोरेषेच्या खंडावरूनच समजते. अक्षरांमधले अंतर वाढवायचे असल्यास शिरोरेषेत फटी पडलेल्या नाहीत ना ते मोठे करून पाहा.

तिसरी गोष्ट मराठी वळणांची. देवनागरीत 'ल' आणि 'श' यांची मराठी रूपे हिंदीतल्या प्रचलित रूपांहून वेगळी आहेत. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली तरच मराठी रूप दिसते. संकेतस्थळावर पानाच्या कोडमध्ये भाषा म्हणून 'एमआर' हा संकेत द्यावा लागतो, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषेचा पर्याय निवडावा लागतो. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांतला अर्धा र नीट येतो का, हेही तपासा. नावात 'किनाऱ्या' आहे आणि फलकावर 'किनार्या' उमटले, तर तो फलक पंचवीस वर्षे तसाच राहतो.

चौथी गोष्ट सॉफ्टवेअरची. भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरे जुळवणारी सोय) चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरे हलंत होऊन सुटतात. डिझायनरच्या संगणकावर ठीक दिसलेले नाव छपाईवाल्याकडे असे फुटू शकते. म्हणून बोधचिन्हातील नाव छपाईला देण्यापूर्वी नेहमी आउटलाइनमध्ये (फॉन्टवर न विसंबणाऱ्या रेखाकृतीत) बदलावे, आणि बदलल्यानंतर भाषेचा जाणकार माणूस अक्षर न् अक्षर पुन्हा वाचेल अशी व्यवस्था असावी.

नाव दोन लिप्यांत हवे. दोन्ही सारखी कशी दिसतील?

दोन्हींचा पॉइंट साइझ सारखा ठेवला म्हणजे ती सारखी दिसत नाहीत. साधारणपणे देवनागरीचा काना रोमनच्या लहान अक्षरापेक्षा उंच आणि मोठ्या अक्षरापेक्षा किंचित बुटका ठेवला की दोन्ही समान वाटतात. जाडीही डोळ्यांनी जुळवावी. देवनागरीत रेषा दाट असल्याने तेवढ्याच आकड्याची जाडी अधिक काळी दिसते. रोमन नाव सगळे मोठ्या अक्षरांत लिहिले की ते देवनागरीवर दादागिरी करते. पहिले अक्षर मोठे आणि बाकी लहान ठेवावे. कोणती लिपी वर आणि कोणती खाली हे डिझायनरने ठरवायचे नाही. राजभाषेचे नियम आधी पाहावेत.

रंग कसे निवडावेत?

आधी कोणते रंग टाळायचे ते ठरवा. तिथल्या राजकीय पक्षांचे ठळक रंग मुख्य रंग म्हणून घेऊ नयेत. सत्ता बदलली की चिन्ह बदलण्याची मागणी येते आणि लोकांनाही ते पक्षाचेच वाटू लागते. अग्निशमन, रुग्णवाहिका आणि वाहतुकीच्या इशाऱ्यांचे रंग मोठ्या पृष्ठांवर वापरल्यास धोक्याची खूण बोथट होते.

मग वाचनीयता. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ विरोधाभास लागतो. बोधचिन्हातील अक्षरांना या नियमातून सूट आहे, पण तेच रंग बटणांना आणि मथळ्यांना वापरले जातात, तिथे सूट नाही. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा १.०७:१ आहे, नेहमीचा नारिंगी सुमारे २:१. म्हणजे हे दोन रंग भरण्यासाठी ठीक, लिहिण्यासाठी नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. इतर समाजांत प्रमाण कमी-अधिक असते, पण असे लोक सगळीकडे असतात. म्हणून "हिरवा म्हणजे ओला कचरा, लाल म्हणजे घातक" असे फक्त रंगावर सोडू नका, सोबत शब्द आणि चित्र द्या.

शेवटी छपाई. पडद्यावरचा झगमगीत निळा चार रंगांच्या छपाईत जांभळा पडतो. त्यात सायन (निळसर) आणि मॅजेंटा (गुलाबी-जांभळी) या शायांत किमान ३० टक्क्यांचे अंतर ठेवले तर तो निळाच राहतो. पँटोन या क्रमांकित रंगांच्या प्रणालीतली तीच शाई चकचकीत कागदावर उजळ आणि साध्या कागदावर मंद दिसते, म्हणून दोन्ही कागदांसाठी वेगळे कोड लिहावेत. लोखंडी खांब, दरवाजे, बाक यांच्या रंगासाठी राल या रंगलेपांच्या क्रमांक-प्रणालीतला जवळचा क्रमांक द्यावा. पेंटरला सीएमवायकेचे (चार रंगांच्या छपाईचे) आकडे उपयोगाचे नसतात. उन्हात छापील फलकांचा मॅजेंटा आणि पिवळा आधी उडतो, निळा व काळा मागे राहतो. त्यामुळे लाल चिन्ह काही वर्षांत फिकट गुलाबी होते आणि हिरवे निळसर.

कोणता फॉन्ट घ्यावा?

दोन फॉन्ट पुरे: एक मथळ्यांसाठी, एक कार्यालयीन पत्रांसाठी. महत्त्वाचा प्रश्न परवान्याचा आहे. डेस्कटॉप, वेब आणि ॲप यांचे परवाने बहुधा वेगळे असतात, आणि संस्थेतील शेकडो संगणकांचा परवाना दरवर्षी कोणी भरत राहत नाही. ओपन फॉन्ट परवान्याखालील 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो देवनागरी' या नावांचे फॉन्ट सर्वांना फुकट बसवता येतात. पत्रव्यवहारासाठी संगणकात आधीच असलेला युनिकोड फॉन्ट, जसा विंडोजमधला निर्मला यूआय, हा सर्वांत बिनचूक मार्ग.

जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट मात्र वापरातून काढावेच लागतील. त्यात टाइप केलेली सूचना शोधता येत नाही, दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ती अगम्य अक्षरांत वाचतो.

डिझायनरकडून कोणत्या फाइल घ्याव्यात?

मूळ संपादनयोग्य व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी धूसर न होणारी), छपाईसाठी पीडीएफ, वेबसाठी एसव्हीजी, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. यातील प्रत्येक प्रकारात रंगीत, एकरंगी काळे, आणि गडद पृष्ठावरचे पांढरे अशी तीन रूपे हवीत. मांडणीही तीन: आडवी, उभी, आणि नावाशिवाय फक्त चिन्ह. ब्राउझरच्या टॅबसाठी १६ आणि ३२ पिक्सेलचे वेगळे काढलेले चिन्ह लागते. मोठे चिन्ह नुसते लहान करून चालत नाही. १६ पिक्सेलला दोन-तीन आकारच राहू शकतात. मोबाइलसाठी १८०, १९२ आणि ५१२ पिक्सेलचे चौकोन, आणि दुवा शेअर केल्यावर दिसणारे १२०० बाय ६३० चे चित्र.

फाइलची नावे माणसाला समजतील अशी असावीत: "बोधचिन्ह-आडवे-एकरंगी-काळे". "फायनल-२-नवीन" अशा नावाची फाइल वर्षभरात चुकीच्या ठिकाणी छापली जाते. सर्व संच संकेतस्थळावर एका ठरलेल्या पानावर ठेवा. कंत्राटदाराला ती जागा माहीत नसली की तो गुगलवरून धूसर चित्र उतरवतो आणि तेच दहा फुटी फ्लेक्सवर छापतो.

चिन्ह पडद्यावर छान दिसते, पण शिक्क्यावर, गणवेशावर, गाडीवर बिघडते. का?

कारण प्रत्येक साहित्याची स्वतःची किमान रेषा असते. रबरी शिक्क्यात ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ आणि तितकीच बारीक फट शाईने बुजते. भरतकामात सुमारे १ मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्टी दोऱ्याने भरता येत नाही. काना, मात्रा, अनुस्वार सुटे दिसायला देवनागरी अक्षर ८ मिलिमीटर तरी उंच लागते, आणि रंगछटांचा उतार तर भरताच येत नाही. कापलेल्या विनाइलमध्ये बारीक टोके आणि सुटे ठिपके गाडी धुताना निघून जातात. फोटोकॉपीत फिकट करड्या छटा पांढऱ्या होतात.

म्हणून चिन्ह आधी एका रंगात, सपाट, छटांशिवाय पूर्ण करा. तसे ते उभे राहिले तरच रंग भरा. फलकावरील अक्षरांसाठी साधा हिशेब: सहज वाचता यावे म्हणून दर ३ मीटर अंतराला २५ मिलिमीटर उंची, अगदी ताणून १० मीटरला २५ मिलिमीटर. देवनागरीत ही उंची कान्याची धरावी. गाडीवर चिन्ह दाराच्या फटीवर, मुठीवर किंवा सरकत्या दरवाजामागे येत नाही ना, हे त्या गाडीच्या प्रत्यक्ष मापावर पाहावे. कचरा गाडीच्या मागच्या बाजूला ते लावूच नये, तिथे आठवड्यात काही दिसेनासे होते.

प्रत्येक वेळी रूप बदलणारे चिन्ह स्थानिक संस्थेला झेपते का?

मेलबर्नचे २००९ चे 'एम' अक्षर एकाच बाह्यरेषेत अनेक रंगी रूपे घेते आणि ते खूप गाजले. मात्र अशा पद्धतीला आतून सांभाळणारा प्रशिक्षित चमू लागतो. जिथे पत्रके बाहेरचे वेगवेगळे छपाईवाले करतात, तिथे चिन्ह स्थिर ठेवावे आणि बदल पार्श्वभूमीतल्या नक्षीत करावा.

नियमपुस्तिका किती मोठी असावी?

२० ते ३० पाने. मोकळी जागा, किमान आकार, रंगांचे सर्व कोड, फॉन्ट, विभागांची नावे लिहिण्याची रीत, दुसऱ्या संस्थेच्या चिन्हाशेजारी मांडणी, आणि काय करू नये याची सात-आठ चित्रे. किमान आकार अंदाजाने लिहू नका. नावासह चिन्ह छापून पाहा आणि ज्या रुंदीला अनुस्वार दिसेनासा होतो त्याच्या थोडे वर थांबा.

पुस्तिकेपेक्षा तयार नमुने जास्त काम करतात: पत्र, टिपणी, जाहीर सूचना, निमंत्रण, सादरीकरण, ओळखपत्र, समाजमाध्यमांवरील सूचना. हे नमुने कर्मचारी वापरतात त्याच प्रोग्राममध्ये हवेत. डिझाइनच्या महागड्या सॉफ्टवेअरमधला लेटरहेड कारकुनाला उघडत नाही, मग तो जुनाच वापरतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. पत्राच्या नमुन्यात जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ यांच्या जागा आधीच आखून द्या.

जुने फलक आणि छापलेला साठा लगेच बदलावा का?

नाही. आधी यादी करा: इमारती, वाहने, गणवेश, फलक, फॉर्म, संकेतस्थळे, ॲप, पावत्यांची यंत्रे, ईमेलखालची सही. ही यादी नेहमीच अपेक्षेपेक्षा लांब निघते. संकेतस्थळ, समाजमाध्यमे आणि नमुने पहिल्याच दिवशी बदलावेत. छापील साठा संपेपर्यंत वापरावा. फलक आणि वाहने दुरुस्ती किंवा रंगकामाची वेळ येईल तसे, दोन-तीन वर्षांत. सार्वजनिक पैशाचा प्रश्न लोक विचारणारच, म्हणून हे वेळापत्रक चिन्हासोबतच जाहीर करावे. मॅनहोलची झाकणे आणि कोनशिला तशाच राहू द्या; त्या गावाचा इतिहास आहेत.

पदाधिकाऱ्यांचे नाव आणि फोटो लेटरहेडवर, फलकांवर असावा का?

संस्थेची ओळख आणि व्यक्तीची ओळख वेगळी ठेवावी. नाव असलेला प्रत्येक छापील कागद कार्यकाळ संपताच रद्दी होतो, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत फलक झाकत फिरावे लागते. पदनाम छापा, नाव नको. कायमच्या दिशादर्शकांवर आणि वाहनांवर व्यक्तीचे नाव वा फोटो येणार नाही, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहून ठरावाने मंजूर करून घ्यावे. कर्मचाऱ्याला मग "नियम आहे" असे म्हणता येते.

चिन्हाचे हक्क कोणाकडे असतात?

पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप संस्थेकडे आले असे अनेक देशांच्या कायद्यात नाही. कार्यादेशातच कॉपीराइटचे लेखी हस्तांतरण, मूळ फाइल, फॉन्टचे परवाने आणि "काम स्वतःचे आहे" अशी हमी मागा. एआय साधनांतून निघालेले चिन्ह घ्यायचे झाल्यास दोन अडचणी आहेत: माणसाच्या निर्मितीशिवाय कॉपीराइट मिळत नाही अशी भूमिका अमेरिकेसह काही ठिकाणी आहे, आणि अशी चित्रे बहुधा व्हेक्टर नसतात. राष्ट्रध्वज, राजमुद्रा किंवा त्यांच्याशी साम्य असलेले घटक परवानगीशिवाय चिन्हात घेऊ नयेत. औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस कराराच्या '६ टेर' (6ter) या कलमानुसार राष्ट्रांच्या चिन्हांना ट्रेडमार्कच्या बाबतीत संरक्षण आहे आणि देशोदेशीचे कायदे त्याहून कडक असू शकतात.

शहराचा ध्वजही करायचा आहे. बोधचिन्हच कापडावर छापले तर?

ते वाऱ्यात वाचता येत नाही. अमेरिकेतील पोकॅटेलो शहराच्या झेंड्यावर बोधचिन्हासारखी अक्षरे आणि ट्रेडमार्कची खूणसुद्धा होती. २००४ च्या शहरध्वजांच्या पाहणीत तो १५० ध्वजांत शेवटचा ठरला आणि २०१७ मध्ये शहराने नवा ध्वज घेतला. त्याच पाहणीत वरच्या जागी असलेला शिकागोचा ध्वज म्हणजे दोन निळे पट्टे आणि चार लाल तारे. दोन-तीन रंग, मोठे आकार, अक्षरे नाहीत, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे. एवढे सांभाळले की शिंपीही तो शिवू शकतो.

आमची ग्रामपंचायत छोटी आहे. कमीत कमी काय करून घ्यावे?

एकरंगी उभे राहणारे एक चिन्ह, मुक्त परवान्याचा एक फॉन्ट, एक मुख्य रंग आणि काळा. त्यासोबत पत्र, सूचना, दाखला आणि फलक यांचे चार नमुने, दोन पानी नियम, आणि सर्व फाइल दोन ठिकाणी जपलेल्या. फाइल कोणाच्या खासगी ईमेलवर ठेवू नका; ती व्यक्ती बदलून गेली की चिन्हही जाते. रंगवणाऱ्या पेंटरसाठी एक कागद वेगळा करा: चिन्ह चौकोनी जाळीवर आखलेले, प्रत्येक घरात रेषा कुठून कुठे जाते ते दिसेल असे. पाण्याच्या टाकीवर चढलेल्या माणसाच्या हातात हाच कागद असतो.

आमचे चिन्ह लावून खोटे संदेश फिरतात. चिन्हातच काही सुरक्षा घालता येईल का?

चिन्ह कोणीही उतरवू शकतो, त्यामुळे चिन्हात सुरक्षा नसते. ती पत्त्यात असते: एकच अधिकृत डोमेन, प्रत्येक सूचनेवर तोच दुवा आणि तोच दूरध्वनी, अनुक्रमांक व दिनांक, आणि संकेतस्थळावर प्रत्येक सूचनेची मूळ प्रत. ईमेलसाठी डीमार्क धोरण (आपल्या डोमेनच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलचे काय करायचे हे सांगणारे) किमान 'क्वारंटाइन' पातळीवर, म्हणजे संशयित ईमेल बाजूला टाकण्याच्या पातळीवर, आणावे. त्यानंतर बिमी या पद्धतीने ठरावीक प्रकारची एसव्हीजी फाइल देऊन, आणि काही सेवांसाठी प्रमाणपत्र घेऊन, इनबॉक्समध्ये अधिकृत चिन्ह दाखवता येते. दाखल्यांवर क्यूआर कोड द्यायचा असेल तर तो अधिकृत डोमेनवरच उघडावा आणि त्याच्याखाली तो पत्ता अक्षरांतही छापावा, म्हणजे स्कॅन करण्याआधी माणसाला पाहता येईल.